लोणारच्या खाऱ्या काठाने

खारे पाणी, काठावर सुकलेल्या क्षारांची पांढरी किनार, काळ्या पाषाणाचे उभे कडे आणि त्या कड्यांच्या पायथ्याशी झाडीत दडलेली जीर्ण देवालये, असा देखावा ज्याला पाहावयाचा असेल त्याने कोकणाचीच वाट धरली पाहिजे असे नाही. समुद्रापासून शेकडो मैल आत, वऱ्हाडच्या कापूस-सोयाबीनच्या काळ्या रानात, बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण अंगास लोणार नावाचे जे तालुक्याचे गाव आहे त्याच्या वेशीबाहेर चार पावले टाकली की हे सारे एका नजरेत मावते. मात्र एका नजरेत मावते हीच या स्थळाची अडचण होऊन बसली आहे. येथे येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण कड्यावर मोटार उभी करतात, खाली दिसणाऱ्या हिरवट वर्तुळाची छायाचित्रे काढतात, 'उल्का पडली ती हीच जागा' एवढे मुलांना सांगतात आणि अर्ध्या तासात शेगावच्या किंवा वेरूळच्या वाटेला लागतात. कड्यावरून कळतो तो केवळ विवराचा आकार. लोणार कळावयाचे तर खाली उतरावे, काठाने चालावे आणि तेच अंतर पुन्हा चढून यावे. त्यासाठी एक पुरा दिवस राखून ठेवण्याची ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे.

प्रथम ऋतूचा विचार. पावसाळा सरल्यानंतर, कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा; हवा थंड असते, ओढे वाहते असतात आणि उत्तरेकडून आलेले पाणपक्षी तळ्यावर उतरलेले असतात. भर पावसात विवराच्या उतारावर अशी काही दाट हिरवळ माजते की वऱ्हाड तो हाच का, अशी शंका यावी. परंतु शेवाळलेल्या पायऱ्या आणि निसरडी चिकणमाती यांमुळे वयस्क मंडळींनी तेव्हा उतरण्याचे धाडस करू नये. चैत्र-वैशाखात तर खाली जाण्याचा बेत सकाळी नऊच्या आतच उरकावा, कारण वऱ्हाडचे ऊन मुळातच कडक, त्यात चोहोबाजूंनी कडे असल्यामुळे विवराच्या तळाशी वाऱ्याची झुळूक म्हणून पोहोचत नाही आणि तापलेला काळा दगड संध्याकाळपर्यंत ऊब सोडीत नाही. एकांत हवा असेल तर नवरात्र वर्ज्य करावे. कमळजा देवीच्या यात्रेला तेव्हा गावोगावचे लोक लोटतात. ज्याला मात्र देवस्थान जागे असताना पाहावयाचे असेल त्याने नेमके नवरात्रच गाठावे.

सरोवर आणि त्याभोवतीचा परिसर 2000 सालापासून वन्यजीव अभयारण्य आहे, म्हणून खाली उतरण्यापूर्वी वनखात्याच्या चौकीवर नाव नोंदवून जे शुल्क असेल ते भरावे, कोणती वाट खुली आहे याची चौकशी करावी आणि तेथील वाटाड्या सोबत घ्यावा. वाटाड्या घेणे पुष्कळांना वायफळ खर्चाचे वाटते. तथापि वेड्या बाभळीच्या जाळीतून देवळाकडे वळणारी पायवाट कोणती आणि चिखलात नेऊन सोडणारी कोणती हे परक्या माणसाला उमगत नाही, आणि हीच माणसे कडेने कोणता पक्षी कोठे बसतो हेही अचूक सांगतात. पायांत बंद जोडे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, खांद्यावर प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी, एवढी तजवीज पुरे. खाण्याचे जिन्नस हातात उघडे धरून चालू नये. येथील वानरांना माणसाचे भय राहिलेले नाही आणि पिशवी हिसकावून घेण्यात ती वाकबगार झाली आहेत.

उतरण्यापूर्वी कड्यावर घटकाभर उभे राहून समोर काय आहे ते समजून घ्यावे. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर असून कड्यापासून तळापर्यंतची खोली जवळजवळ 137 मीटर भरते. कडा स्वतः भोवतालच्या शेतजमिनीपेक्षा 20 मीटरांच्या आसपास उंच उचललेला आहे. हा उंचवटाच सर्वांत मोठा साक्षीदार होय. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झाला आणि हे थर सर्वसाधारणपणे आडवे, भाकरीच्या चळतीसारखे असतात. परंतु येथे कड्याजवळ निरखून पाहिले तर ते विवराच्या केंद्रापासून बाहेरच्या दिशेने कललेले आणि माथ्यावर तर उलथेपालथे झालेले दिसतात. नुसती जमीन खचून खड्डा पडला असता तर कडा असा वर उचलला गेला नसता. तरीदेखील 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केल्यापासून पुढे जवळजवळ दीड शतक बहुतेक विद्वान हे ज्वालामुखीचे मुख आहे असेच मानून चालले होते, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नव्हता, कारण चहूकडे लाव्ह्याचाच खडक पसरलेला असताना निराळे कारण शोधण्याची बुद्धी कोणाला व्हावी? तळाशी वेधन करून वर आणलेल्या नमुन्यांत प्रचंड आघातानेच घडू शकणारे काचरूप खनिज सापडले, आणि 1973 साली भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकातून ही गोष्ट मांडल्यावर वादाचा निकाल लागला. काळ्या पाषाणात आघाताने झालेली आणि इतक्या सुस्थितीत टिकलेली विवरे पृथ्वीवर विरळा. चंद्रावरची व मंगळावरची विवरे पुष्कळ अंशी अशाच खडकात असल्यामुळे त्यांचा अभ्यास करणारे लोणारला येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1979 मध्ये या स्थळाला राष्ट्रीय भूवारशाचा दर्जा दिला.

वयाच्या बाबतीत एक सावधगिरी. गावात पुष्कळ फलकांवर आणि पुस्तिकांत 'पन्नास हजार वर्षे' किंवा 52,000 वर्षे असा आकडा आढळतो. तो एका विशिष्ट पद्धतीने काढलेला जुना अंदाज आहे. 2010 मध्ये आर्गॉन पद्धतीने केलेल्या कालमापनात हे वय 5,70,000 वर्षांच्या घरात निघाले. वाटाड्याशी त्यावरून हुज्जत घालण्याचे कारण नाही. फरक मोठा असला तरी माणसाच्या हिशेबात दोन्ही आकडे सारखेच अफाट आहेत. दुसरी गोष्ट लोहचुंबकाची. काळ्या दगडाच्या तुकड्याला चुंबक चिकटवून 'ही पाहा उल्का' असे दाखविण्याचा प्रघात येथे आहे. चुंबक चिकटतो हे खरे, परंतु ते दख्खनच्या साध्या पाषाणात मॅग्नेटाइट असल्यामुळे. हाच प्रयोग सिंहगडाच्या पायथ्याशीही साधेल. तो तुकडा खिशात घालून घरी नेणे मात्र अभयारण्यातील गुन्हा ठरतो.

आता वाटेला लागू. ईशान्येच्या कड्यावर धार आहे. दगडी गोमुखातून बारमाही गोड पाणी कुंडात पडत असते, आणि बाहेरगावचा यात्रेकरू सरोवर पाहण्याआधी येथे स्नान करतो. अबुल फझलाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-ए-अकबरी'त मेहकर सरकारचे वर्णन करताना हे सारे टिपून ठेवले आहे: उंच डोंगरांनी वेढलेले खारट पाणी, काठावर मिळणारी काच व साबण करण्याची सामग्री, सोऱ्याच्या कामातून जमा होणारा चांगला महसूल, आणि वर बैलाचे मुख कोरलेला झरा. ब्राह्मण या स्थळास विष्णुगया म्हणतात हेही तो सांगतो. बादशाही दप्तरासाठी लिहिणाऱ्या माणसाची नजर महसुलाकडे असणारच, पण झऱ्याचे मुख त्याने वगळले नाही. आज धारेच्या पायरीवर उभे राहिले की त्याचे वर्णन पडताळून पाहता येते.

धारेखालून पायऱ्यांची वाट सागवान, सीताफळ आणि चिंचेच्या सावलीतून उतरते, आणि उतरता उतरता आसमंत बदलत जातो. गावातील भोंगे, एस.टी.चे आवाज मागे पडतात, मोरांची केका ऐकू येऊ लागते, आणि तळाशी पोहोचेपर्यंत हवेत एक उग्र दर्प जाणवू लागतो. हा वास सांडपाण्याचा असावा असे समजून पुष्कळ जण नाक मुरडतात. मुख्यत्वे तो पाण्यातील निळ्या-हिरव्या शैवालाच्या कुजण्याचा असतो. हे शैवाल स्पिरुलिनाच्या जातीचे असून त्याच्यामुळेच पाण्याला तो दाट हिरवा रंग येतो. उलट 2020 च्या जून महिन्यात, सारा देश टाळेबंदीत असताना, हेच पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि लोणारचे नाव देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकले. वनखात्याने नमुने तपासणीस पाठविले. पातळी खालावून क्षारता वाढल्यामुळे लवणप्रिय सूक्ष्मजीवांची बेसुमार वाढ झाली व त्यांच्याच रंगद्रव्याने पाणी रंगले, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिला. तो रंग पाहण्याच्या आशेने येणाऱ्यांची निराशा होते, कारण तो नेहमीचा नव्हे.

काठाशी आल्यावर सर्वांत आधी पायांखालची जमीन पाहावी. जेथे पाणी नुकतेच ओसरलेले असते तेथे जमिनीवर पांढरी, भेगाळलेली पापडी धरलेली दिसते. वरून ती कोरडीठाक आणि टणक वाटते, पण पाऊल पडताच कुरकुरत फुटते आणि खाली घोट्यापर्यंत काळा, चिकट, दुर्गंधीयुक्त चिखल लागतो. या पापडीवर चालू नये. दगडगोट्यांच्या पट्ट्याने किंवा झाडीच्या कडेच्या पायवाटेनेच पुढे जावे, लहान मुलांचा हात सोडू नये, आणि पाण्यात उतरून स्नान करण्याचा मोह तर सर्वथैव टाळावा. हाताचे एक बोट मात्र पाण्यात बुडवून अंगठ्यावर चोळून पाहावे. साबण लावल्याप्रमाणे ते बुळबुळीत लागते. कारण या पाण्यात साध्या मिठाबरोबर सोडियम कार्बोनेटही भरपूर आहे. विवराला बाहेर जाणारी वाट नाही. ओढ्यांचे व पावसाचे पाणी आत येते, खडकांतील क्षार बरोबर आणते आणि उन्हाने केवळ वाफ होऊन जाते; क्षार मागे राहतात, आणि हे लक्षावधी पावसाळे चालले आहे.

याची प्रचीती घेण्यास प्रयोगशाळा लागत नाही. घरून पुरचुंडीत हळद बांधून आणावी, कागदाच्या दोन तुकड्यांवर ओली करून सारवावी, एकावर धारेच्या पाण्याचा थेंब टाकावा व दुसऱ्यावर सरोवराचा. पहिला कागद पिवळाच राहतो. दुसरा पाहता पाहता तांबडालाल होतो. हळदीपासून कुंकू करणाऱ्या कारागिरांच्या हातची विद्या ती हीच, तेथे क्षाराचे काम चुना वगैरे करतात एवढाच भेद. शाळेची सहल घेऊन येणाऱ्या गुरुजींनी हा प्रयोग अवश्य करवून घ्यावा. मुले खनिजांची नावे विसरतील, पण तो बदललेला रंग विसरणार नाहीत. कागद तेथे टाकू नयेत हे सांगणे नलगे.

हेच क्षार एके काळी लोणारचे उत्पन्न होते. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की लोक ते खरवडून, वाळवून, प्रतवारी लावून विकीत. डल्ला, निमक डल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची नावे इंग्रजी अमलातील कागदपत्रांत आढळतात, आणि त्यांतील कोणता क्षार रंगाऱ्यांच्या, कोणता साबणवाल्यांच्या, कोणता काचेच्या बांगड्या ओतणाऱ्यांच्या कामाचा याचे ज्ञान येथील माणसांना पिढीजात होते. वऱ्हाड निजामाकडून 1853 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले त्यानंतरच्या काळात कारखान्यांतला स्वस्त सोडा बाजारात उतरला आणि हा धंदा बसला. पापड लाटणाऱ्या गृहिणीच्या हातातील पापडखार हा त्याच कुळातला, पण काठावरची पापडी कोणी तोंडात घालू नये.

काठाने चालताना देवालये एकेक करून सामोरी येतात. पुरा फेरा सुमारे चार किलोमीटरांचा भरतो. वाट खुली असेल आणि ऊन नसेल तरच तो पूर्ण करावा. वाटेत रामगया, शंकर-गणेश, वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळ्याचा महादेव अशी डझनभराहून अधिक देवळे आहेत, बहुतेक यादवकालीन किंवा त्याच्या आगेमागची, आणि कित्येकांची शिखरे ढासळून वडा-पिंपळाच्या मुळांनी चिरे जखडून धरलेले. यांतील प्रत्येक देऊळ थांबून पाहण्याजोगे आहे असे मला वाटत नाही. दोन-तीन निवडावीत व तेथे निवांत बसावे. त्यांतही रामगयेला पहिला मान द्यावा, कारण तेथील घडीव, अलंकारविरहित खांब पाहिल्यावर चुन्याचा लेशही न वापरता चिऱ्यावर चिरा बसविण्याची ही विद्या काय होती ते ध्यानात येते. मोडकळीला आलेल्या सभामंडपात शिरताना आधी काठी आपटावी. अंधारात वटवाघळे असतात आणि थंडाव्याला सापही येऊन बसतो.

कमळजेचे मंदिर याहून निराळे. ते भग्न नाही, वापरातले आहे. अनेक कुळांची ती कुलदेवता, म्हणून ओटीची खण-नारळाची पिशवी सांभाळीत चिंचोळ्या पायवाटेने निघालेल्या आया-बाया येथे बारा महिने दिसतात. देवळात जाताना जोडे बाहेर काढावेत, आरती चालू असल्यास छायाचित्रे घेऊ नयेत. देवळासमोरच्या काठात सासू-सुनेची विहीर आहे. एकाच विहिरीत एका अंगास गोड व दुसऱ्या अंगास खारे पाणी लागते अशी तिची ख्याती. झऱ्याचे गोड पाणी आणि सरोवराचा खारा पाझर एकाच ठिकाणी भेटले म्हणजे असे होणे अशक्य नाही. परंतु घरातल्या दोघींपैकी गोड कोण व खारट कोण, याचा खुलासा कोणी करीत नाही, आणि करू नये हेच शहाणपणाचे. पाणी चढलेले असेल त्या वर्षी ही विहीर बुडालेली असते, आणि तेव्हा देवीच्या दर्शनाची वाटही बदलते; चौकीवर आधी विचारून घ्यावे ते याकरिताही.

पक्ष्यांसाठी सकाळची वेळ साधावी. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, छोटी लालसरी अशी बदकांची मंडळी पाण्यावर तरंगत असतात, उथळात शेकाटे लांब तांबड्या पायांवर तोल सावरीत फिरतात, आणि झाडीत मोरांची तर गणतीच नाही. लांडग्याचाही येथे वावर आहे, मात्र तो दिसेलच अशी खात्री कोणी देऊ नये. याच समृद्धीमुळे 2020 साली लोणारला रामसर पाणथळीचा मान मिळाला. महाराष्ट्रात हा मान नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरनंतर लोणारचाच. दुर्बीण जवळ ठेवावी आणि तोंड बंद ठेवावे, कारण या वाटोळ्या कड्यांमध्ये हाक मारली की ती पलीकडच्या काठापर्यंत जाते व बदकांचा थवाच्या थवा उठतो.

परत चढताना घाई करू नये. चाळीसेक मजल्यांची ती चढण आहे, आणि उतरताना ज्यांनी पाणी संपवून टाकले त्यांची वाटेत कशी अवस्था होते ते कोणत्याही रविवारी दुपारी पाहावयास मिळते. वर आल्यावर जेवण करून, ऊन उतरल्यावर, गावातील दैत्यसूदनाच्या देवळात जावे. विष्णूने लवणासुराला येथे मारले, त्याच्या रक्ताने हे तीर्थ झाले, अशी कथा आहे, आणि देवळाचे नाव त्या कथेवरूनच आले. तारकाकृती विधानाचे हे देवालय लोणारचे शिल्पवैभव होय. बाहेरच्या भिंतींवर नजर फिरवून झाली की आत छताकडे पाहावे: कंसवध, नरसिंहावतार आदी प्रसंग छताच्या शिळांवर कोरले आहेत, आणि अंधारात ते दिसत नाहीत म्हणून पुष्कळ जण न पाहताच बाहेर पडतात. विजेरी बरोबर असू द्यावी.

मुक्काम करणाऱ्यांची सोय कड्याजवळच्या पर्यटन महामंडळाच्या निवासात किंवा गावातल्या लहान खानावळवजा लॉजांत होते. दुसऱ्या सकाळी उत्तरेस पाऊण किलोमीटरावर असलेला अंबर तलाव पाहता येतो. मुख्य आघाताच्या वेळी उडालेल्या तुकड्याने तो झाला असावा असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे, आणि त्याच्याच काठी मोठ्या मारुतीची निद्रिस्त मूर्ती आहे. जालन्याच्या वाटेने परतणाऱ्याला सिंदखेडराजा आडवे येतेच. जिजाऊंचे जन्मस्थान टाळून कोणी पुढे जात नाही. मेहकरकडे वळणाऱ्याने 1888 मध्ये जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची मूर्ती पाहावी, आणि तेथील कंचनीच्या महालाविषयी गावकऱ्यांना विचारावे. लोणारच्या कमळजेपुढचा दिवा दिसावा एवढ्या उंचीचा महाल बांधण्याची हौस त्या कंचनीला होती, अशी दंतकथा त्या बाजूस सांगतात, आणि मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांनी आपल्या एका कवितासंग्रहाला तेच नाव दिले. मेहकरहून लोणारला एस.टी.च्या गाड्या दिवसभर आहेत, तेव्हा स्वतःची मोटार नसलेल्याने मेहकरातच उतरून दोन्ही गावे एका फेरीत साधावीत. शेवटच्या गाडीची वेळ मात्र स्थानकावर सकाळीच विचारून ठेवावी.